पहिल्या अक्षराला कर्सर पळतो: टिडलीविकीतल्या एका नोंदवहीचं निदान

एका वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेची नोंदवही टिडलीविकीत, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या एका छोट्या विकीत आहे. योजना नेहमीचीच: वर्गणी भरायची, दिवाळीनंतर काही महिने एकेक अंक घरी न्यायचा, वाचून परत करायचा, दुसरा न्यायचा. कोणता अंक कुणाकडे गेला, परत आला का, आला तो धड आला का, हे पूर्वी लांबट रजिस्टरात लिहीत. ग्रंथपाल मॅडमच्या भाच्याने ते संगणकावर आणून दिलं आणि तो नोकरीसाठी परगावी गेला. वही चालत होती. योजनेचा हंगाम भरात आला, नोंदी वाढल्या, तशी दोन दुखणी वर आली.

एक म्हणजे शोधाच्या चौकटीत टाइप केलेली अक्षरं रेंगाळत उमटायची. दुसरं जास्त चमत्कारिक होतं. एखाद्या अंकाच्या ओळीत शेरा लिहायला घेतला की पहिलं अक्षर उमटायचं आणि कर्सर नाहीसा व्हायचा. चौकटीत पुन्हा क्लिक केलं की पुढचं सगळं बिनबोभाट लिहिता यायचं.

इंग्रजीत लिहिणाऱ्याला हे फक्त त्रासदायक वाटलं असतं. मराठीत मजकूरच बिघडतो. ‘पान फाटलं’ लिहायचं तर इनस्क्रिप्ट कीबोर्डवर आधी प, मग काना. प पडला, कर्सर गेला, काना कुठेच गेला नाही. फोनेटिक कीबोर्डवर तर अक्षर जुळत असतानाच तुटतं. शेऱ्याच्या रकान्यात नुसते ‘प’, ‘म’, ‘क’ साचले होते. पान, मुखपृष्ठ, कोपरा यांचे ते अवशेष.

“प्रत्येक अक्षराला जातो की पहिल्याच?” मी विचारलं.

“पहिल्याच. आणि हो सर, शेरा खोडताना शेवटचं अक्षर पुसलं की तेव्हापण जातो.”

मॅडमनी सहज जोडलेल्या या दुसऱ्या वाक्यात अर्धं निदान होतं. ते का, हे कळायला टिडलीविकी मजकूर पडद्यावर कशी आणते आणि नंतर त्यातला नेमका कोणता तुकडा बदलते, ते पाहावं लागेल.

मजकुरापासून पडद्यापर्यंत

मराठी विकिपीडियावर आपण पान संपादित करतो तेव्हा विकीमजकुराचं एचटीएमएल सर्व्हरवर बनतं आणि तयार पान ब्राउझरकडे येतं. टिडलीविकीला सर्व्हर लागतच नाही. ब्रिटिश प्रोग्रामर जेरेमी रस्टन यांनी ती २००४ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केली, तेव्हापासून तिचं वैशिष्ट्य एकच: मजकूर, प्रोग्राम, शैली सगळं एका एचटीएमएल फाइलमध्ये. आज आपण वापरतो ती नव्याने लिहिलेली पाचवी आवृत्ती, तिची ५.१.० सप्टेंबर २०१४ मध्ये आली. पेनड्राइव्हवर घालून कुठल्याही संगणकावर उघडता येते, म्हणूनच वाचनालयाला ती सोयीची पडली. पण याचा अर्थ असा की विकीमजकूर वाचणं, समजणं, रंगवणं आणि बदल झाला की तेवढाच भाग ताजा करणं ही सगळी कामं ब्राउझरमध्ये, टाइप करणाऱ्याच्या बोटांखाली चालू असतात.

वहीतली प्रत्येक नोंद म्हणजे एक टिडलर. त्याला शीर्षक, मजकूर, टॅग आणि हवी तेवढी फील्डं. (५.२.० पासून फील्डचं नाव देवनागरीतही ठेवता येतं, त्यामुळे या वहीत ‘शेरा’, ‘अंक’, ‘तारीख’ अशीच फील्डं आहेत. वाचायला फार बरं पडतं.) टिडलर दाखवायचा तर आधी त्याच्या मजकुराचं पार्सिंग होतं, म्हणजे मजकूर वाचून त्याची रचना ओळखली जाते, आणि एक पार्स ट्री तयार होते: हा परिच्छेद, त्यात हा ठळक शब्द, इथे एक यादी, तिचा फिल्टर, म्हणजे टिडलर निवडायची अट, अमुक. एवढंच. यादीचा फिल्टर काय आहे हे पार्स ट्रीला माहीत असतं, पण त्या फिल्टरचं उत्तर काय येईल याचा तिला पत्ता नसतो. विदा (डेटा) तिच्यात नसतेच. म्हणून ती जपून ठेवता येते. तो टिडलर स्वतः बदलेपर्यंत पुन्हा पार्स करायची गरज पडत नाही. आपल्या वहीत अंकाची एक ओळ कशी दिसावी हे सांगणारा एक टेम्प्लेट टिडलर आहे. पडद्यावर शेकडो ओळी असल्या तरी त्या सगळ्यांमागे एकदाच पार्स झालेली ती एकच ट्री आहे.

त्या ट्रीवरून विजेट बनतात, म्हणजे पडद्याचा एकेक तुकडा सांभाळणारे घटक. पार्स ट्रीतल्या प्रत्येक गाठीसाठी एक विजेट, आणि इथे मात्र प्रत्येक ओळीचे वेगळे. विजेटला आईबाप असतात, मुलं असतात आणि गुणधर्म असतात. गुणधर्माची किंमत थेट लिहिलेली असू शकते, दुसऱ्या टिडलरच्या फील्डवरून घेतलेली असू शकते, मॅक्रोतून किंवा व्हेरिएबलमधून (नाव देऊन ठेवलेल्या किमतीतून) आलेली असू शकते, नाहीतर एखाद्या फिल्टरचं उत्तर असू शकते. विदा झाडात शिरते ती याच टप्प्यावर. मग प्रत्येक विजेट आपल्या वाट्याचे डॉमचे, म्हणजे ब्राउझरमधल्या पानाच्या रचनेचे, घटक तयार करून वडिलांनी दाखवलेल्या जागी बसवतो. झाला पडदा तयार.

आता बदल. कुणीतरी चेकबॉक्सवर टिक केली, टिडलर बदलला. टिडलीविकी लगेच धावत सुटत नाही. एका क्रियेत चार टिडलर बदलू शकतात, म्हणून ती बदल गोळा करते आणि हातातलं काम संपलं की एकदाच जाहीर करते. जाहीर काय करते? फक्त शीर्षकांची यादी: हे बदलले, हे काढून टाकले. कोणतं फील्ड बदललं, आधी काय होतं, आता काय आहे, यातलं काहीही त्या यादीत नसतं.

ही यादी विजेटांच्या झाडात मुळापासून खाली उतरते. शाळेत शिपाई नोटीसवही घेऊन वर्गावर्गांतून फिरतो तशी. प्रत्येक विजेटपुढे तीन वाटा असतात. याचा माझ्याशी संबंध नाही, वही पुढे न्या, म्हणजे मुलांना विचारा. किंवा माझं थोडं बदललंय, जागच्या जागी दुरुस्त करतो. उदाहरणार्थ साधा एचटीएमएल घटक आपला क्लास (कोणती शैली लावायची ते सांगणारी खूण) बदलून घेतो, बाकी हलत नाही. तिसरी वाट जालीम: मी आपले सगळे डॉम घटक काढून टाकतो आणि मुलाबाळांसकट पुन्हा नव्याने उभा राहतो. एखाद्या विजेटने ही वाट धरली की त्याच्या खालच्या कुणालाही वही दाखवायचा प्रश्नच येत नाही. जुने जाऊन त्यांच्या जागी नवे आलेले असतात.

रिअॅक्ट ही वेबपानं बांधायची लायब्ररी वापरणाऱ्यांना हे उलटं वाटेल. तिथे नवं आभासी झाड बनवून जुन्याशी ताडून पाहतात आणि फरक तेवढा डॉमवर लावतात. टिडलीविकी दोन झाडं ताडत नाही. आहे त्याच झाडातल्या प्रत्येकाला विचारते. कोण कुणावर अवलंबून आहे याचं खातंही ती ठेवत नाही. माझ्या मते छोट्या-मध्यम वह्यांसाठी हा निर्णय शहाणपणाचा आहे: विजेट लिहिणाऱ्याला हिशेब ठेवावे लागत नाहीत, आणि बदलावर नजर ठेवणाऱ्या न्याहाळकांची साखळी कुठे तुटली हे शोधत बसावं लागत नाही. पण विचारण्याची किंमत मोजावी लागते, आणि जालीम वाट कोणत्या उंचीवर धरली जाते यावर सगळं अवलंबून राहतं. मॅडमच्या दोन तक्रारी या दोन गोष्टींच्या आहेत. वरवर एकाच आजाराची लक्षणं वाटली तरी आजार दोन आहेत.

कर्सर: पहिला संशयित

प्रथम संशय चौकटीवरच येतो. शेऱ्याची चौकट म्हणजे एडिट-टेक्स्ट विजेट. प्रत्येक अक्षरागणिक तो टिडलरचं फील्ड लिहितो, त्या लिखाणामुळे टिडलर बदलतो, बदलाची नोटीस फिरून त्याच चौकटीपाशी येते. आता चौकटीने आपला मजकूर पुन्हा भरून घेतला तर कर्सर बिघडणारच. पण टिडलीविकीत याची सोय आहे: चौकटीत कर्सर असेल तर तो विजेट तिच्यातल्या लिहित्या मजकुराला हात लावत नाही. शिवाय तसं असतं तर कर्सर दर अक्षराला उडाला असता. उडत होता पहिल्याला.

म्हणजे चौकट स्वतःहून जात नव्हती. तिच्या वरचं कुणीतरी तिला घेऊन पडत होतं. वरच्याला खाली कर्सर आहे की नाही याची काहीच कल्पना नसते.

पानाच्या डोक्यावर एक ओळ होती: ‘शेरा असलेले अंक’ आणि पुढे संख्या. तीच संख्या तळाशीही होती. दोनदा लागते म्हणून भाच्याने ती सेट विजेटने एका व्हेरिएबलमध्ये घेतली होती आणि पान त्याखाली लिहिलं होतं. प्रोग्रामिंग शिकलेला कुणीही असंच करेल. व्हेरिएबल वर जाहीर करायचा, खाली वापरायचा. पण विकीमजकुरात सेट ही एक सुटी ओळ नसते, ते कुंपण असतं. त्याच्या उघडत्या आणि मिटत्या खुणेमधलं सगळं त्याचं अपत्य. इथे अख्खी यादी, तिच्या सगळ्या ओळी, प्रत्येक ओळीतली शेऱ्याची चौकट त्या एका संख्येच्या पोटात होती.

सेट विजेटपाशी नोटीस आली की तो आपला फिल्टर पुन्हा चालवतो. उत्तर तेच आलं तर मुलांना विचारतो. बदललं तर तिसरी वाट. यात त्याचा आगाऊपणा काही नाही. खालच्यांपैकी कोण आपला व्हेरिएबल वाचतंय हे त्याला ठाऊक नसतं, म्हणून सगळंच नव्याने बांधणं हाच त्याच्या हातातला बिनधोक मार्ग.

आता मॅडमचं वाक्य जुळवून पाहा. शेरा रिकामा असताना पहिलं अक्षर पडलं: शेरा असलेल्या अंकांची संख्या एकाने वाढली, सगळं पान पडून पुन्हा उभं राहिलं. दुसरं अक्षर: शेरा होताच, संख्या तीच, काही झालं नाही. शेवटचं अक्षर पुसलं: संख्या एकाने घटली, पुन्हा पडझड. पडद्यावर सगळं तसंच दिसतं, कारण नवं पान जुन्यासारखंच आहे. फक्त ज्या चौकटीत कर्सर होता ती चौकट आता अस्तित्वात नाही. तिच्या जागी हुबेहूब दुसरी आहे.

उपाय सोपा होता. व्हेरिएबलमध्ये संख्येऐवजी फिल्टरचा मजकूर ठेवला आणि दोन्ही ठिकाणी काउंट विजेट बसवला, जो तो फिल्टर स्वतः चालवून संख्या दाखवतो. फिल्टरचा मजकूर कधी बदलत नाही, म्हणून सेट विजेट कधी पडत नाही. संख्या बदलली की फक्त तो चिमुकला काउंट विजेट स्वतःला नव्याने रंगवतो, आणि यादी त्याच्या पोटात नसून शेजारी असते. टिडलीविकीत लिहिताना मी आता हाच नियम पाळतो: व्हेरिएबलमध्ये प्रश्न ठेवावा, उत्तर नव्हे. उत्तर पानाच्या जितक्या वरच्या मजल्यावर, तितकी पडझड मोठी.

कर्सर: दुसरा संशयित

हे केल्यावर खोडतानाची तक्रार गेली. पहिल्या अक्षराची राहिली.

इथे घोटाळा होण्यासारखा आहे, कारण लक्षण तेच दिसतं आणि केलेला उपाय फुकट गेला असं वाटतं. तो गेलेला नव्हता. खोडताना कर्सर टिकत होता, हाच त्याचा पुरावा. म्हणजे पहिल्या अक्षराला पाडणारे दोन होते आणि त्यातला एक शिल्लक होता. आणखी एक खूण मिळाली. यादीत सगळ्यात वर असलेल्या अंकाला शेरा लिहिला तर कर्सर जात नव्हता.

यादी ‘शेवटचा बदल आधी’ या क्रमाने लावली होती. सातव्या ओळीत एक अक्षर टाइप केलं की त्या अंकाची बदलाची वेळ ताजी होते आणि तो पहिल्या क्रमांकावर जातो. दुसऱ्या अक्षराला तो आधीच पहिला असतो, क्रम तोच राहतो. इथवर समजतं. पण ओळ वर सरकली म्हणून तिच्यातली चौकट का मरावी?

यासाठी लिस्ट विजेट बदललेली यादी जुन्या ओळींवर कशी बसवतो ते बघावं लागतं, आणि या प्रकरणातला मला सगळ्यात आवडलेला भाग तोच. विजेट नवी यादी वरून खाली चालतो. प्रत्येक शीर्षकासाठी, आपण आहोत तिथपासून खाली जुन्या ओळींत ते सापडतं का पाहतो. नाही सापडलं तर नवी ओळ घालतो. सापडलं तर मधल्या ओळी काढून टाकतो आणि सापडलेली ओळ तशीच ठेवून तिला फक्त नोटीस दाखवतो. शेवटी उरलेल्या जादा ओळी काढतो. ओळ एका जागेवरून दुसरीकडे हलवणं असा प्रकारच नाही. ठेवणं, काढणं आणि घालणं एवढंच.

याचा परिणाम गमतीदार होतो. पहिली ओळ शेवटी जायची असेल तर ती एकटी काढली जाते, बाकी सगळ्या जागच्या जागी राहतात आणि ती शेवटी नव्याने घातली जाते. स्वस्त काम. पण शेवटची ओळ वर यायची असेल तर ती राहते आणि तिच्या वरच्या सगळ्याच्या सगळ्या काढून पुन्हा घातल्या जातात. म्हणजे खाली जाणारी ओळ स्वस्त, वर येणारी महाग. ‘शेवटचा बदल आधी’ या क्रमात तर ओळी फक्त वरच येतात.

तरी या हिशेबाने सातवी ओळ वाचायला हवी होती. पडायच्या तिच्या वरच्या सहा. ती पडत होती, कारण अ. क्र.

रजिस्टर म्हटलं की पहिला रकाना अनुक्रमांकाचा. भाच्याने तो लिस्ट विजेटच्या काउंटर या सोयीने घातला होता. काउंटर म्हणजे प्रत्येक ओळीला तिचा क्रमांक देणारा व्हेरिएबल. तो वापरला की लिस्ट विजेटला वरची काटकसर करता येत नाही: एखादी ओळ मध्ये शिरली की खालच्या सगळ्यांचे क्रमांक बदलतात. म्हणून तो जिथे पहिला फरक सापडेल ती ओळ आणि तिच्या खालच्या सगळ्या काढून नव्याने घालतो. आपल्याकडे पहिला फरक नेहमी पहिल्याच ओळीत. एका अक्षरासाठी संपूर्ण यादी.

काउंटर काढला. अ. क्र. मात्र हवाच होता. त्याशिवाय मॅडमना यादी यादी वाटत नाही, आणि छापील प्रतीशी ताळा करताना तो खरोखर लागतो. तो सीएसएसच्या, म्हणजे पानाची शैली ठरवणाऱ्या भाषेच्या, काउंटरने घातला. त्यात क्रमांक ब्राउझर स्वतः मोजतो आणि रंगवताना ओळीपुढे लिहितो. विजेटच्या झाडाला त्याची गंधवार्ता नसते, त्यामुळे क्रमांक बदलले म्हणून कुठलाही विजेट पडत नाही. क्रमही अंकाच्या नावानुसार केला. लिहिता लिहिता ओळ उडी मारून वर जाणं तसंही कुणाला नको होतं. अलीकडे काय बदललं हे बघायला बाजूच्या पट्टीत ‘रीसेंट’ हा टॅब आहेच.

रेंगाळणारी अक्षरं

शोधाच्या चौकटीचं दुखणं वेगळ्या जातीचं होतं. इथे कर्सर जात नव्हता, म्हणजे पडझड नव्हती. पडद्यावर फारसं काही बदलतही नव्हतं. वेळ खात होतं ते विचारणं.

टाइप केलेलं अक्षर चौकटीत उमटवतो ब्राउझर; टिडलीविकीला ते फक्त कळतं. पण उमटवणं आणि टिडलीविकीचा सगळा खटाटोप एकाच धाग्यावर चालतो. पहिल्या अक्षरासाठी नोटीस फिरत असली की दुसरं अक्षर दाराबाहेर उभं. म्हणून ‘अक्षर उशिरा उमटतं’ ही तक्रार ऐकली की रंगवण्याकडे न बघता त्या फेरीत काय चाललंय ते बघावं.

त्यासाठी टिडलीविकीतच सोय आहे. नियंत्रण फलकात परफॉर्मन्स इन्स्ट्रुमेंटेशन चालू करून वही पुन्हा उघडायची. मग दर फेरीला किती वेळ गेला ते ब्राउझरच्या कन्सोलमध्ये दिसतं, आणि एका आज्ञेने कोणत्या फिल्टरने किती वेळ घेतला त्याचा तक्ताही मिळतो. तक्त्यात जो फिल्टर बाकीच्यांच्या कितीतरी पुढे होता तो प्रत्येक ओळीत एकदा येणारा होता: हा अंक सध्या कुणाकडे आहे?

तो लिहिला होता असा: देवघेवीच्या सगळ्या नोंदी घ्या, तारखेनुसार लावा, त्यातून या अंकाच्या निवडा, शेवटची घ्या. उत्तर बरोबर. पण सगळ्या नोंदी तारखेनुसार लावण्याचं काम प्रत्येक ओळीसाठी, प्रत्येक अक्षरागणिक. फिल्टर म्हणजे काहीही असू शकतो, तो कशावर अवलंबून आहे हे बाहेरून सांगता येत नाही. म्हणून लिस्ट विजेट आपला फिल्टर दर नोटिशीला चालवतोच, बदललेलं शीर्षक त्याच्या कामाचं असो वा नसो. ‘कोणाकडे आहे’ याचा आणि शोधाच्या चौकटीतल्या अक्षराचा काडीचाही संबंध नव्हता, तरी प्रत्येक ओळ देवघेवीचं अख्खं रजिस्टर चाळून ‘काही बदल नाही’ असं सांगत होती.

पायऱ्यांचा क्रम उलटा केला: आधी ‘अंक’ या फील्डवरून निवडा, मग उरलेल्या मोजक्या नोंदी तारखेनुसार लावा. दिसायला हा शब्दांचा फेरफार आहे, पण त्यात दोन लाभ आहेत. लावायच्या नोंदी कमी होतात, हा उघड. दुसरा असा की टिडलीविकीत टॅग आणि फील्ड यांची सूची तयार ठेवलेली असते, आणि फिल्टरची पहिलीच पायरी फील्डची असेल तर ती सूचीतून थेट उत्तर देते, सगळे टिडलर चाळत नाही. आधी तारखेनुसार लावून घेतलं की सूचीचा उपयोग संपला. कामाचा मोठा भाग या एका बदलात उरकला.

यापुढचा मार्ग म्हणजे अंकाच्या टिडलरवरच ‘सध्या कुणाकडे’ असं फील्ड ठेवणं. मग फिल्टरच नको. मी तो सुचवला नाही. एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहिली की कधीतरी त्यांच्यात तफावत पडते, आणि वाचनालयात अशी तफावत सभासदाशी वाद झाल्यावरच उघडकीला येते.

उरलेली रेंगाळ थोपवण्याने गेली. टिडलीविकीत नेहमीच्या संपादकात लांबलचक मजकूर लिहितानाही अक्षरं अडत नाहीत, याचं कारण मसुद्यांना वेगळी वागणूक आहे: बदललेल्या टिडलरांत फक्त मसुदेच असतील तर फेरी लगेच सुरू होत नाही, बोटं थांबल्यावर ४०० मिलिसेकंदांनी सुरू होते. हीच सवलत इतर टिडलरांना देता येते. एक रीत म्हणजे त्या टिडलरवर त्यासाठीचं ठरलेलं फील्ड ठेवणं. शोधाच्या चौकटीला ती लागू पडत नव्हती, कारण शोधाचा मजकूर एका तात्पुरत्या टिडलरमध्ये राहतो, चौकटीशेजारचं फुलीचं बटण शोध पुसताना तो टिडलरच काढून टाकायचं आणि फील्डही त्याबरोबर जायचं. पहिला शोध सुरळीत, फुली दाबली की पुढचे पुन्हा अडखळत. दुसरी रीत नावाची: ज्यांचं शीर्षक तात्पुरत्या टिडलरांमधल्या ‘व्होलाटाइल’ या उपसर्गाने सुरू होतं त्यांना ही सवलत आपोआप मिळते. टिडलर कितीदा काढून पुन्हा झाला तरी नाव तेच राहतं. ती घेतली. आता शोधाचे निकाल अर्ध्या सेकंदाच्या आत मागून येतात, पण अक्षरं बोटांबरोबर उमटतात, आणि माणसाला खुपतं ते अक्षरांचं रेंगाळणं.

एक किरकोळ गोष्टही आवरली. पानावर अंक, सभासद आणि वर्गणी असे तीन टॅब होते आणि त्यांना ‘रिटेन’ लावलेला होता, म्हणजे एकदा उघडलेला टॅब मिटला तरी आतलं झाड तसंच राहतं, फक्त लपतं. लपलेल्यांनाही नोटीस दाखवावी लागते. रिटेन काढला की मिटलेला टॅब झाडातच नसतो.

टिक आणि करडी ओळ

शेवटी एक मागणी आली, आणि ती तक्रारीतून नव्हे, वापरातून आली. अंक परत आला की ओळीतल्या चेकबॉक्सवर टिक करायची. यादी फक्त बाहेर असलेल्या अंकांची, म्हणून टिक पडताच ओळ नाहीशी. लिस्ट विजेटच्या दृष्टीने हे आदर्श काम: एक ओळ काढली, बाकी जशाच्या तशा. पण गर्दीच्या वेळी चुकून शेजारच्या ओळीवर टिक पडते आणि चुकीची ओळ गेल्यावर ती कोणती होती तेच आठवत नाही. “गेली ती गेली. शोधू कशी?” मॅडम म्हणाल्या.

त्यांचं बरोबर होतं. यादीच्या फिल्टरमधून परत आलेल्यांना वगळण्याची अट काढून तिथे ‘हिशेब मिटवलेला’ अशी निराळी खूण ठेवली. टिक पडली की ओळीच्या घटकाचा क्लास तेवढा बदलतो. तिन्ही वाटांतली ही मधली, जागच्या जागी दुरुस्तीची. ना ओळ पडते, ना यादी हलते. ओळ करडी होते आणि जिथे होती तिथेच थांबते, टिक काढली की पुन्हा काळी. संध्याकाळी वाचनालय बंद करताना एक बटण दाबायचं, ते करड्या ओळींवर मिटवल्याची खूण लावतं आणि त्या यादीतून जातात. त्या वेळी पान क्षणभर अडखळतं, कारण एकाच फेरीत बऱ्याच ओळी काढायच्या असतात. तिथे आणखी काही करायचं कारण दिसलं नाही.